खिडकी, उजेड आणि पिंजऱ्यातले अणू

तुमच्याकडे लॅपटॉप आणि पोलराइज्ड गॉगल असेल तर आधी पाच मिनिटांचा एक उद्योग करा, मग पुढे वाचा. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा. गॉगलची एक काच डोळ्यासमोर धरून हळूहळू गोल फिरवा. साधा एलसीडी स्क्रीन असेल तर एका कोनात तो जवळजवळ काळा पडेल. तिथेच थांबा आणि कंपासपेटीतला पारदर्शक कोनमापक स्क्रीन आणि गॉगल यांच्यामध्ये धरा. काळ्या पडद्यावर कोनमापक निळ्या-जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांनी उजळून निघेल.

हे रंग प्लॅस्टिकचे नाहीत. साच्यात ओतलेलं प्लॅस्टिक थंड होताना त्याच्या पोटात ताण अडकून राहतो, तो तुम्हाला दिसतोय. स्क्रीनमधून निघालेल्या उजेडाला एक ठरावीक दिशा होती. ताणलेल्या प्लॅस्टिकने ती बिघडवली आणि गॉगलने त्या बिघाडाची चहाडी केली. ही गंमत लक्षात ठेवा. दोनशे वर्षांनी तीच गोष्ट जगातल्या सगळ्यात नाजूक प्रयोगांच्या आड येणार आहे.

उजेडाला दिशा असते म्हणजे काय? कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं हातात धरा. हात वर-खाली हलवलात तर लाट वर-खाली डोलत गजाकडे जाते, डावी-उजवीकडे हलवलात तर आडवी डोलत जाते. लाट पुढे जाते, पण थरथर मात्र तिच्या वाटेला आडवी असते. उजेडाचंही तसंच. थरथर एकाच दिशेत असेल तर तो रेषीय ध्रुवीभूत उजेड. दोरीउड्यांसारखी दोरी गोल फिरवलीत तर थरथरीची दिशाच गरगर फिरत पुढे जाते. हा वर्तुळाकार प्रकार, आणि त्याला उजवं-डावं असतं. या दोहोंच्या मधला, चेपलेल्या वर्तुळासारखा, तो लंबवर्तुळाकार. सूर्याच्या किंवा बल्बच्या उजेडात सगळ्या दिशांची खिचडी असते. आपल्या डोळ्यांना हा फरक जवळजवळ कळत नाही. मधमाश्यांना कळतो.

या गुणाला पाठ्यपुस्तकात ध्रुवीभवन म्हणतात. बातम्यांमधलं निवडणुकीच्या वेळचं 'ध्रुवीकरण' त्याचंच भावंड. दोन्ही शब्दांच्या मुळाशी असलेला युरोपीय शब्द उजेडाला पहिल्यांदा लावला तो एका फ्रेंच माणसाने, आणि लावला तोही चुकीच्या समजुतीतून. त्याची हकिकत सांगायलाच हवी.

त्याच्याही आधी, १६६९ साली कोपनहेगनच्या रास्मुस बार्थोलिनने आइसलंडहून आलेल्या एका स्वच्छ स्फटिकाबद्दल पुस्तक लिहिलं होतं. हा स्फटिक अक्षरांवर ठेवला की एका अक्षराची दोन अक्षरं दिसत. हॉयगेन्सने १६९० साली त्याचं गणित बसवलं, पण एक कोडं त्यालाही सुटलं नाही. पहिल्या स्फटिकातून बाहेर पडलेला किरण दुसऱ्या स्फटिकातून जाताना कधी दुभंगतो, कधी दुभंगत नाही. दुसरा स्फटिक कसा फिरवून धरलाय त्यावर ते ठरतं. किरणाला 'बाजू' असाव्यात, असं न्यूटनने सुचवलं. त्यानंतर शंभरेक वर्षं कुणी फारसं पुढे गेलं नाही.

एतियेन-लुई मालूस हा पेशाने लष्करी इंजिनियर. नेपोलियनच्या इजिप्तच्या मोहिमेत तो गेला, जाफाला प्लेग झाला, त्यातून वाचला आणि खचलेली तब्येत घेऊन १८०१ मध्ये परतला. १८०८ च्या सुरुवातीला पॅरिसच्या विज्ञानसंस्थेने दुहेरी अपवर्तनाच्या गणिती सिद्धांतासाठी बक्षीस जाहीर केलं आणि मालूस त्या कामाला लागला. तो राहत होता त्या रस्त्याचं नाव होतं 'र्यू दांफेर', म्हणजे शब्दशः नरकाचा रस्ता. तिथून लक्झेंबर्ग राजवाडा दिसायचा. एका संध्याकाळी मावळतीचं ऊन राजवाड्याच्या खिडक्यांवरून चमकत होतं. मालूसने हातातला आइसलंडचा स्फटिक डोळ्याला लावून ती चमक पाहिली. दोन प्रतिमा दिसायला हव्या होत्या, तशा दिसल्या. पण स्फटिक फिरवताना एक प्रतिमा मंद होत गेली आणि एका कोनात पार नाहीशी झाली.

ही हकिकत आपल्यापर्यंत आली ती आरागो या त्याच्या समकालीन शास्त्रज्ञाने नंतर लिहिलेल्या मृत्युलेखातून, त्यामुळे तिच्यात थोडी चकाकी वाढलेली असेलही. मला त्यातला पुढचा भाग जास्त आवडतो. मालूसला आधी वाटलं की वातावरणामुळे उन्हात काहीतरी बदल झाला असेल. मग रात्र पडल्यावर त्याने मेणबत्ती लावली आणि पाण्यावरून, काचेवरून परावर्तित होणारा तिचा उजेड स्फटिकातून पाहिला. तिथेही तेच. काचेच्या पृष्ठभागाशी सुमारे ३५ अंशांचा कोन करून आलेला उजेड परावर्तित झाला की त्याला ती बाजू चिकटते. म्हणजे हे गूढ एकट्या आइसलंडच्या स्फटिकाचं नव्हतं. कुठल्याही घराची खिडकी ते करत होती आणि आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मालूस मानत होता की उजेड कणांचा बनलेला आहे. चुंबकाला जसे ध्रुव असतात तसे या कणांनाही असावेत आणि परावर्तनात ते सगळे एका दिशेला वळत असावेत, अशी त्याची कल्पना. म्हणून १८११ मध्ये त्याने 'पोलारिझास्याँ' हा शब्द वापरला. त्याने मोजमापाचा नियमही दिला: एका दिशेचा उजेड दुसऱ्या गाळणीतून पाठवला आणि दोन दिशांत ४५ अंशांचा कोन असला तर निम्मा उजेड पार होतो, ६० अंशांचा असला तर पाव. हा नियम आजही अकरावी-बारावीत त्याच्या नावाने शिकवतात. फ्रान्स आणि ब्रिटन लढाईत गुंतलेले असताना लंडनच्या रॉयल सोसायटीने या शत्रुदेशाच्या लष्करी अधिकाऱ्याला रमफर्ड पदक दिलं. १८१२ च्या फेब्रुवारीत तो क्षयाने गेला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी.

त्याची कल्पना फार टिकली नाही. ऑगस्तँ फ्रेनेलने १८२१ मध्ये ठामपणे मांडलं की उजेडाची लाट दोरीच्या लाटेसारखी आडवी थरथरते. कणही नकोत आणि ध्रुवही नकोत. रेषीय, वर्तुळाकार, लंबवर्तुळाकार ही नावं फ्रेनेलचीच. तोही क्षयानेच गेला, ३९ व्या वर्षी. ध्रुव नसल्याचं सिद्ध झालं तरी शब्द तेवढा राहिला.

याच काळात स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरने १८१५ च्या सुमाराला एक शोध लावला. त्या वेळी तो निव्वळ चमत्कार वाटला असेल. साधी काच दाबली, वाकवली की ती आइसलंडच्या स्फटिकासारखी वागू लागते. एका दिशेच्या उजेडाला ती वेगळा वेग देते, आडव्या दिशेच्या उजेडाला वेगळा. परिणामी रेषीय उजेड आत शिरतो आणि किंचित लंबवर्तुळाकार होऊन बाहेर पडतो. तुमच्या कोनमापकात दिसले ते ब्रूस्टरचेच रंग.

आतापर्यंतची सगळी मोजमापं एकाच पद्धतीची होती. उजेडाच्या वाटेत एखादी वस्तू ठेवायची, ती फिरवायची आणि पलीकडे किती उजेड उरला ते पाहायचं. विसाव्या शतकात प्रश्न उलटा झाला. उजेड ज्याच्यावर पडतो त्याला या दिशेचं काय होतं? १९३१ मध्ये कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन आणि भगवंतम यांनी विखुरलेल्या उजेडाचं ध्रुवीभवन तपासून दावा केला की प्रकाशकणाला स्वतःची फिरकी असते. १९३६ मध्ये प्रिन्स्टनला रिचर्ड बेथने क्वार्ट्झच्या बारीक तंतूला एक चकती टांगली, तिच्यातून वर्तुळाकार ध्रुवीभूत उजेड सोडला आणि चकतीला बसलेला सूक्ष्म पीळ मोजून दाखवला. गोल फिरणारा उजेड खरोखरच वस्तूला पिळतो.

चकतीऐवजी एकेका अणूला असा पीळ दिला तर? मालूस राहायचा त्या भागातून चालत जाण्याच्या अंतरावर, पॅरिसच्या 'एकोल नॉर्माल'मध्ये, आल्फ्रेड कास्लेर आणि जाँ ब्रोसेल १९५० च्या आसपास नेमकं हेच करत होते. अणू हा इवलासा भोवरा आणि त्याच वेळी इवलासा चुंबकही. वाफेतले अणू वाटेल त्या दिशांना तोंड करून असतात. त्यांच्यावर वर्तुळाकार उजेडाचा मारा केला की प्रत्येक प्रकाशकण थोडी फिरकी देऊन जातो आणि हळूहळू सगळे भोवरे एका बाजूला कलतात. या पद्धतीला 'ऑप्टिकल पंपिंग' म्हणतात. कास्लेरला त्यासाठी १९६६ चं नोबेल मिळालं.

त्याच्या प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थ्याने, क्लोद कोहेन-तानुद्जीने, १९६१ मध्ये एक अडचणीची गोष्ट प्रयोगात पकडली. अणूवर उजेड टाकला की त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या किंचित सरकतात. म्हणजे अणू मोजायला जो दिवा लावला, तो दिवाच अणूला बदलतो. अणुभौतिकात 'लॅम्ब शिफ्ट' नावाचा एक नामांकित परिणाम आधीपासून होता. कास्लेर थट्टेने याला 'लॅम्प शिफ्ट' म्हणायचा. दिव्याच्या उजेडाने पडणारा हा फरक इतका लहान होता की त्याची थट्टाच शोभत होती.

पुढे १९७२ मध्ये कोहेन-तानुद्जी आणि जाक द्युपाँ-रॉक यांनी या सरकण्याचा सविस्तर हिशोब मांडला. त्यातला एक भाग माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात सुंदर आहे. रुबिडियमसारख्या अणूच्या सगळ्यात खालच्या पायऱ्या घेऊ. अणूच्या रंगापासून पुरेशा दूरच्या रंगाचा रेषीय उजेड पडला, तर भोवरा उजवा फिरो की डावा, पायरी जवळजवळ सारखीच सरकते. पण उजेडात वर्तुळाकार अंश असेल तर उजव्या भोवऱ्याची पायरी एकीकडे सरकते आणि डाव्याची दुसरीकडे. चुंबक जवळ आणल्यावर नेमकं हेच घडतं. म्हणजे अणूच्या दृष्टीने वर्तुळाकार उजेड हा एक चुंबकच. आसपास लोखंडाचा तुकडा नाही, तारेचं वेटोळं नाही, तरी अणूला उत्तर-दक्षिण जाणवते. याला 'कल्पित चुंबकीय क्षेत्र' म्हणतात. क्षेत्र कल्पित असलं तरी अणूवरचा परिणाम पक्का. मालूसने उजेडाला चुंबकासारखे ध्रुव दिले होते, ते चुकीच्या कारणासाठी. दीडशे वर्षांनी त्याच गल्लीत उजेड अणूपुढे चुंबकाचं सोंग घेताना सापडावा हा योगायोगच. पण मला तो आवडतो.

मग लेझर आले आणि दिव्याच्या जागी लाखो पटींनी तीव्र उजेड मिळाला. थट्टेवारी नेलेलं ते सरकणं आता प्रचंड झालं, इतकं की त्याचाच पिंजरा बनवता आला. पिंजरा म्हटलं की जाळी डोळ्यासमोर येते, पण इथे भिंती नसतात. योग्य रंगाचा लेझर एका बिंदूवर एकवटला की तिथे अणूची ऊर्जा सगळ्यात कमी होते आणि थंड अणू वाटीच्या तळाला गोटी बसावी तसा तिथे बसून राहतो.

अणू थंड करण्याच्या कामातही ध्रुवीभवनाने एकदा सगळ्यांना चकवलं. १९८८ मध्ये अमेरिकेत गेथर्सबर्गला विल्यम फिलिप्स यांच्या गटाने लेझरने थंड केलेल्या सोडियम अणूंचं तापमान मोजलं. सिद्धांत सांगत होता की २४० मायक्रोकेल्विनच्या खाली जाता येणार नाही. मोजणी आली ४० च्या आसपास. प्रयोगात अपेक्षेपेक्षा चांगला निकाल यावा ही फार संशयास्पद गोष्ट असते, म्हणून त्यांनी निरनिराळ्या पद्धतींनी पुन्हा पुन्हा मोजलं. आकडा हटेना. स्पष्टीकरण दिलं कोहेन-तानुद्जी आणि जाँ दालिबार यांनी, आणि वेगळ्या वाटेने स्टीव्हन चू यांच्या गटाने. जुन्या सिद्धांतात ध्रुवीभवनाला जागाच नव्हती. समोरासमोरचे लेझर एकमेकांना भेटतात तिथे उजेडाची दिशा जागोजागी बदलते. रेषीय, मग उजवी वर्तुळाकार, मग आडवी रेषीय, मग डावी, आणि हे सगळं उजेडाच्या निम्म्या तरंगलांबीत. अणूला त्यामुळे चढ-उतार लागतात. चढ चढून दमला की तो नेमका दुसऱ्या दरीच्या तळाशी टाकला जातो आणि पुन्हा चढ. ग्रीक पुराणातल्या, धोंडा कायम डोंगरावर ढकलणाऱ्या सिसिफसचं नाव या पद्धतीला मिळालं. १९९७ चं नोबेल फिलिप्स, कोहेन-तानुद्जी आणि चू यांना मिळून मिळालं.

म्हणजे तरंगलांबीच्या आठव्या हिश्श्याइतक्या अंतरात ध्रुवीभवन कसं बदलतं, ते अणूला कळत होतं. माणसांना मात्र आधी सुचलंच नव्हतं.

आता खिडकीकडे परत येऊ. थंड अणू पोलादी डब्यात ठेवतात. आतली हवा जवळजवळ संपूर्ण काढून टाकलेली असते, कारण हवेचा एक रेणू धडकला तरी अणू पिंजऱ्यातून उडतो. लेझर आत जायला काचेच्या खिडक्या असतात. चार सेंटिमीटर व्यासाच्या खिडकीवर बाहेरची हवा सुमारे १३ किलो वजनाइतका जोर लावते. शिवाय काच धातूच्या कड्यात बसवलेली आणि भोवती बोल्ट आवळलेले. म्हणजे काच दाबलेली आणि वाकलेली, ब्रूस्टरने सांगितली होती तशीच. बाहेर कितीही काटेकोरपणे रेषीय केलेला उजेड आत पोचेपर्यंत किंचित लंबवर्तुळाकार होतो, आणि त्या 'किंचित'चा अणूसमोर चुंबक होतो.

हा चुंबक महाग पडतो. पिंजऱ्यातले अणू वापरून लोक चुंबकीय क्षेत्रं मोजतात, घड्याळं बनवतात, क्वांटम संगणकाचे बिट ठेवतात. मोजणारा अणू खरं क्षेत्र आणि कल्पित क्षेत्र यांत भेद करत नाही. मग खिडकीचा दोष मोजायचा कसा? मोजायचं यंत्र डब्यात घालता येत नाही. समोरच्या खिडकीतून बाहेर पडलेला उजेड मोजला तर त्यात दोन्ही खिडक्यांचे दोष मिसळलेले असतात. कुठला कुणाचा ते कळत नाही. हॉयगेन्सच्या दोन स्फटिकांसारखीच ही पंचाईत.

उत्तर डब्यातच बसलं होतं. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातल्या गटाला याची गरज जरा जास्तच होती, कारण ते उजव्या आणि डाव्या वर्तुळाकार उजेडाच्या दोन जाळ्या सरकवून सीझियमचे अणू फिरकीप्रमाणे डावी-उजवीकडे नेतात. ध्रुवीभवन बिघडलं की अणू भलतीकडेच. २०१३ मध्ये त्यांनी अणूंनाच साक्षीला बोलावलं. सीझियमच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर सूक्ष्मलहरींनी अतिशय बारकाईने मोजता येतं; सेकंदाची व्याख्या त्यावरच उभी आहे. एकाच खिडकीतून रेषीय उजेड आत सोडायचा, त्याची दिशा थोडी थोडी फिरवायची आणि प्रत्येक वेळी अंतर किती सरकलं ते पाहायचं. सरकणं म्हणजे वर्तुळाकार अंश, वर्तुळाकार अंश म्हणजे काचेतला ताण. अशा रीतीने एकट्या खिडकीचा दोष वेगळा काढता आला. काचेच्या अपवर्तनांकात दोन दिशांना दहा कोटींत एक इतका फरक असला तरी तो या पद्धतीने कळतो, आणि ताणाची दिशाही कळते.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या तिघांनी २०१६ मध्ये ही कल्पना आणखी ताणली. त्यांच्यापुढे एक व्यावहारिक अडचण होती. रुबिडियमचा भोवरा चुंबकीय क्षेत्रात घुमताना त्याचा आस डुलतो, पृथ्वीच्या साध्या क्षेत्रातही सेकंदाला काही लाख वेळा. पण लिफ्ट हलली, शेजारच्या खोलीत मोटार चालू झाली, तरी डुलण्याचा वेग बदलतो. त्यात उजेडाच्या कल्पित क्षेत्राचा वाटा शोधायचा म्हणजे ढोलताशात कुजबुज ऐकायची. त्यांनी एकाऐवजी अतिथंड अणूंचे दोन पुंजके पिंजऱ्यात ठेवले, एक जास्त उजेडात आणि दुसरा कमी उजेडात. बाहेरचा गोंगाट दोघांना सारखाच ऐकू येतो. दोघांच्या डुलण्याची तुलना केली की गोंगाट वजा होतो आणि उरतो तो फक्त उजेडाचा फरक.

मग पिंजऱ्याच्या प्रत्येक लेझरच्या वाटेत, खिडकीच्या बाहेर, एक पातळ स्फटिकाची चकती. तिला पाव-तरंग पट्टी म्हणतात, आणि ती नेमका उलटा बिघाड करते: खिडकी उजेडाला जितकं चेपणार, तितकं ही आधीच विरुद्ध बाजूला चेपून ठेवते. चकती थोडी फिरवायची, दोन पुंजक्यांची तुलना करायची, पुन्हा थोडी फिरवायची. लक्झेंबर्गच्या खिडकीकडे पाहत मालूसने हातातला स्फटिक फिरवला होता, त्यापेक्षा हे फार वेगळं नाही. फक्त प्रतिमा विझली की नाही हे सांगणारा डोळा आता काचेच्या आत, अणूंचा आहे. मोनॅशच्या गटाने कल्पित क्षेत्र त्याच्या कमाल मूल्याच्या दहा हजारांत सुमारे दोन भागांइतकं खाली आणलं.

हा आकडा त्या दिवसाचा, त्या खिडकीचा. डबा कधी उघडावा लागला, काच बदलली, बोल्ट पुन्हा आवळले, की काचेतला ताण नवा, आणि चकती फिरवायला पहिल्यापासून सुरुवात.